कंट्रोल ग्रुपमधल्या बायकांचं आपण काय देणं लागतो?

बालाघाट_लेक (धागाकर्ती)

मी लातूरला संख्याशास्त्र शिकवते, माहेर परंडा तालुक्यातलं. एम.एस्सी.च्या मुलांना रँडमाइज्ड चाचण्या शिकवताना पुस्तकातली उदाहरणं कायम लंडन-अमेरिकेची येतात. जगभर जिचा दाखला देतात अशी एक प्रचंड चाचणी आपल्या जिल्ह्यात झाली आणि आपल्याच घरांत तिचं नावही कुणाला ठाऊक नाही, हे मला फार लागतं. म्हणून हा धागा काढतेय.

ऑक्टोबर १९९९ मध्ये तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरवर हे काम सुरू झालं. मुंबईचं टाटा मेमोरियल, बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल आणि फ्रान्समधल्या ल्यों इथली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यात होत्या. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी बायका. गावांचे ५२ समूह पाडले आणि कोणता समूह कुठल्या गटात जाणार हे निव्वळ योगायोगावर सोडलं. एका गटाची एचपीव्ही, म्हणजे ज्याच्यामुळे हा कॅन्सर होतो त्या विषाणूसाठी तपासणी. दुसऱ्याची पॅप स्मिअर, म्हणजे गर्भाशयमुखाच्या पेशी काचेवर घेऊन तपासणं. तिसऱ्यात ॲसेटिक ॲसिड लावून डोळ्यांनी पाहणी, ज्याला ‘व्हीआयए’ म्हणतात. चौथा गट तुलनेचा, म्हणजे कंट्रोल ग्रुप; त्यातल्या ३१,४८८ बायकांना चाचणीतर्फे तपासणी नव्हती. तेव्हा सगळ्यांना जी आरोग्यसेवा मिळत होती तीच त्यांना.

निकाल २००९ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आला. एचपीव्ही गटात ३४,१२६ बायका होत्या. त्यांच्यात या कॅन्सरने ३४ मृत्यू झाले, चौथ्या गटात ६४. बळावलेल्या अवस्थेत सापडलेले कॅन्सर ३९ विरुद्ध ८२. एकदाच केलेल्या तपासणीने मरण जवळपास निम्म्यावर आलं. जागतिक आरोग्य संघटना आज एचपीव्ही तपासणीला पहिली पसंती देते, त्यामागच्या पुराव्यात धाराशिवच्या या बायकांचा वाटा मोठा आहे.

आता माझा प्रश्न. ते ६४ मृत्यू मी वर्गात फळ्यावर लिहिते, शेजारी ३४ लिहिते, भागाकार करते. त्या बाया भूम-परंडा-कळंबकडच्या, आमच्या आत्या-मावश्यांच्या वयाच्या होत्या. त्यांना तपासणीशिवाय ठेवणं बरोबर होतं का? असेल वा नसेल, त्यांचं आपण काय देणं लागतो? शेती, वैद्यक, मानसशास्त्र, सगळीकडे असा तुलनेचा गट लागतोच. तेव्हा तिन्हीकडच्या लोकांनी लिहावं.

तुरीवाला_बदनापूर

मॅडम, शेतीकडचं मी सांगतो. बदनापूरचं कृषी संशोधन केंद्र आमच्या पंचक्रोशीत. बीएसएमआर ७३६, बीडीएन ७११ हे तुरीचे वाण तिथलेच. आमच्याकडं तुरीचे दोन वैरी. एक मर. झाड फुलावर-शेंगावर असताना उभ्या उभ्या वाळतंय, खोड चिरलं की आत काळी रेघ दिसती. ती जमिनीतली बुरशी, फ्युजेरियम. दुसरा वांझ रोग. झाड हिरवंगार दिसतंय पण पानं बारीक, फूल नाही, शेंग नाही. तो विषाणूचा रोग, डोळ्यांना न दिसणारी कोळी नावाची कीड पसरवती. हा रोग १९३१ ला बिहारात पुशाला नोंदला, पण विषाणू हाती लागायला २००० साल उजाडलं.

आता मुद्द्याचं. नवा वाण मरीला टिकतो का हे बघायचं तर शास्त्रज्ञ मुद्दाम रोगट रान तयार करतात. ‘सिक प्लॉट’ म्हणतात. त्या रानात नव्या वाणाच्या ओळींमधे मधे लवकर बळी पडणाऱ्या वाणाची ओळ पेरायची. ती ओळ मेलीच पाहिजे. ती मेली नाही तर रानात रोगच नव्हता असा अर्थ निघतो, अन् नवा वाण टिकला याला काही किंमत राहत नाही.

शिवारफेरीत मी ती ओळ बघितली आहे, पार वाळलेली. तिच्यामुळं आम्हाला भरवशाचं बियाणं मिळालं. तुरीचं ठीक आहे, ती पेरलीच त्याच्यासाठी. बाईला त्या ओळीत कसं काय उभं करता येईल? तुमचं गणित मला मान्य आहे, पण हे मनाला पटंना.

बालाघाट_लेक

दादा, तुम्ही नकळत इतिहासावर बोट ठेवलंत. रँडमायझेशनची पद्धत जन्मली ती शेतातच. इंग्लंडात रॉदमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रावर रोनाल्ड फिशर १९१९ मध्ये रुजू झाले. जमिनीचा एक कोपरा कसदार, दुसरा हलका, मग खताचा गुण कुठला आणि जमिनीचा कुठला, हे वेगळं काढायचं तर वाफ्यांची वाटणी माणसाच्या मर्जीवर ठेवायची नाही, हे त्यांनी मांडलं. औषधात ही रीत रुळली ती १९४८ च्या स्ट्रेप्टोमायसिनच्या चाचणीने. क्षयाचे १०७ रुग्ण, ५५ जणांना औषध, ५२ जणांना फक्त अंथरुणावर विश्रांती. सहा महिन्यांत ४ विरुद्ध १४ मृत्यू. तिथे औषधच सगळ्यांना पुरेल इतकं नव्हतं, म्हणून ते ५२ जण नैतिकदृष्ट्या खपले.

वाफ्यांसाठी निघालेली रीत माणसांवर आली. वाफ्याला मत नसतं, हा फरक मात्र रीतीत कुठेच लिहिलेला नव्हता. तो आपल्याला बाहेरून घालावा लागतो.

गोदातीर

मी नांदेडला डॉक्टर आहे, स्त्रीरोग विभागात. एक बाजू ठामपणे मांडतो, कारण ती नेहमी राहून जाते.

या चाचणीत सगळ्यांत महत्त्वाची माहिती कुठली? मला विचाराल तर पॅप स्मिअर आणि व्हीआयए या दोन गटांत मृत्यूंमध्ये ठोस म्हणावी अशी घट दिसली नाही, ही. पॅप स्मिअरने श्रीमंत देशांत या कॅन्सरची पाठ मोडली होती. चौथा गट नसता आणि फक्त पॅप विरुद्ध एचपीव्ही अशी तुलना केली असती, तर ‘दोन्ही चालतात, एक जरा सरस’ असा निष्कर्ष निघाला असता. मग आपण गावोगाव स्मिअर घेत बसलो असतो, स्लाइड वाचायला पॅथॉलॉजिस्ट शोधत बसलो असतो, आणि बायका मरतच राहिल्या असत्या. आपल्या परिस्थितीत एका फेरीचं स्मिअर पुरत नाही, हे चौथ्या गटामुळे कळलं.

आणखी एक आकडा. ज्यांचा एचपीव्ही अहवाल निगेटिव्ह आला त्यांच्यात पुढे कॅन्सर होण्याचं प्रमाण वर्षाला लाखात ३.७ होतं. स्मिअर निगेटिव्ह असलेल्यांत १५.५, व्हीआयए निगेटिव्ह असलेल्यांत १६. म्हणजे ‘तुम्हाला काही नाही, जा घरी’ हे वाक्य कुठल्या तपासणीनंतर निर्धास्तपणे म्हणता येतं, ते इथे दिसतं. ओपीडीत बसणाऱ्याला या वाक्याची किंमत कळते.

व्हीआयए टाकाऊ आहे असं मात्र कुणी समजू नये. तमिळनाडूतल्या दिंडिगुलच्या चाचणीत आणि मुंबईच्या चाचणीत तिने मृत्यू तीस-पस्तीस टक्क्यांनी कमी झाले. मुंबईत दर दोन वर्षांनी तपासणी होत होती, आपल्याकडे एकदाच.

मांजराकाठ

डॉक्टरसाहेब, तुमचा तर्क कळतो. पण ‘तेव्हाची प्रचलित सेवा’ हा शब्दप्रयोग मला टोचतो. प्रचलित सेवा म्हणजे काहीच नाही. आपल्या भागात आधीपासून काही नव्हतं म्हणूनच आपली गावं तुलनेला सोयीची ठरली. अमेरिकेत असा चौथा गट कुणी ठेवू दिला नसता. तिथल्याच काही डॉक्टरांनी मुंबई, उस्मानाबाद आणि दिंडिगुल या तिन्ही चाचण्यांवर हा आक्षेप घेतला आहे: पॅपचा उपयोग अनेक दशकं माहीत असताना बायकांना तपासणीविना ठेवलं, आणि संमती घेताना त्यांना पुरेसं सांगितलं का?

मी बीडची. ऊसतोड बायांसोबत काम करते. २०१९ मध्ये शासनाच्या समितीसाठी जिल्ह्यातल्या ८२ हजारांवर ऊसतोड महिलांची पाहणी झाली, त्यांतल्या १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. पंचविशी-तिशीतल्या पोरी त्यांत होत्या. मी किती जणींकडून ऐकलंय: ‘अंगावरून पांढरं जातंय म्हणून गेले, डॉक्टर म्हणले पिशवी खराब झाली, काढली नाही तर कॅन्सर होईल.’ कर्ज काढून, उचल घेऊन ऑपरेशन. आणि हे कुठल्या जिल्ह्यात? जिथून धाराशिवची हद्द लागून आहे. कॅन्सरची शक्यता आहे की नाही हे एका तपासणीत सांगता येतं, हे जगाला शिकवणाऱ्या जिल्ह्याच्या शेजारी.

माझं म्हणणं एवढंच आहे की चाचणी चूक की बरोबर हा वाद तज्ज्ञांनी घालावा. तिचं फळ वीस-पंचवीस मैलांवरच्या बाईपर्यंत पोचलं नाही, याबद्दल मात्र वाद घालण्यासारखं काही उरत नाही. एनएफएचएस-५ या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशात ३० ते ४९ वयाच्या बायकांपैकी ही तपासणी एकदा तरी झालेल्या फक्त १.९ टक्के आहेत.

सूक्ष्मदर्शी

जीवशास्त्राचा भाग थोडा सांगतो, नाहीतर ‘एकदाच तपासणी’ कशी पुरते हे कोडं राहील.

एचपीव्ही हा अगदी सर्रास आढळणारा विषाणू. लग्न झालेल्या बहुतेकींना कधी ना कधी होतो, आणि बहुतेकींचं शरीर तो वर्ष-दोन वर्षांत घालवून टाकतं. ज्यांच्यात तो ठाण मांडून बसतो त्यांचाच प्रश्न. त्यातही १६ आणि १८ हे प्रकार सर्वांत घातक. विषाणूची ई६ आणि ई७ ही दोन प्रथिनं पेशीची पी५३ आणि आरबी ही राखण निकामी करतात आणि पेशी बेसुमार वाढत सुटते. पण याला दहा-वीस वर्षं लागतात. तिशीनंतर तपासणी केली की जो विषाणू सापडतो तो बहुधा मुरलेला असतो, आणि पुढे हातात वर्षं असतात. गोठवून किंवा विजेच्या तारेच्या कड्याने तो भाग काढता येतो, पिशवीला हात लावावा लागत नाही. स्मिअरमध्ये बदललेली पेशी दिसावी लागते. विषाणूची तपासणी त्याच्या आधीचं पाऊल ओळखते.

विषाणू आणि कॅन्सर यांचा हा संबंध दाखवल्याबद्दल हाराल्ड त्सुर हाउझेन यांना २००८ चं नोबेल मिळालं. एचपीव्ही १८ त्यांच्या गटाला हेला पेशींमध्येही सापडला. त्या पेशी हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय अमेरिकन बाईच्या. १९५१ मध्ये बाल्टिमोरला गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने गेली, आणि तिला न विचारता घेतलेल्या तिच्या पेशी आजही जगभरच्या प्रयोगशाळांत वाढतायत. मी स्वतः त्या पेशींवर काम केलंय. मांजराकाठ ताईंचा राग मला म्हणून समजतो.

मनोविचार_संभाजीनगर

धागाकर्तीने मानसशास्त्राला बोलावलंय म्हणून लिहितो. धर्म आणि मन हा माझा अभ्यासाचा विषय, आणि तुलनेचा गट सगळ्यांत जास्त अडतो तो इथेच.

२००६ मध्ये हर्बर्ट बेन्सन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत प्रार्थनेची चाचणी प्रसिद्ध केली. हृदयाची बायपास झालेले १,८०२ रुग्ण, सहा रुग्णालयं. एका गटासाठी अनोळखी लोक प्रार्थना करणार, पण रुग्णाला सांगायचं ‘कदाचित करतील, कदाचित नाही’. दुसऱ्यालाही तेच सांगायचं, प्रार्थना मात्र नाही. तिसऱ्याला ‘नक्की करतायत’ असं सांगून प्रार्थना. गुंतागुंत झालेल्यांचं प्रमाण अनुक्रमे ५२, ५१ आणि ५९ टक्के. दूरच्या प्रार्थनेने फरक पडला नाही, आणि ज्यांना खात्रीने सांगितलं त्यांच्यात गुंतागुंत जास्त दिसली. ‘माझ्यासाठी प्रार्थना करावी लागतेय म्हणजे मी इतका आजारी आहे का?’ अशी धास्ती बसली असेल, असा एक तर्क मांडला गेला.

पण या चाचणीतला दुसरा गट खरोखर प्रार्थनेविना होता का? घरचे, शेजारचे, चर्चमधले कुणीच हात जोडले नसतील? आपल्याकडे ऑपरेशनला नेलं की आई तुळजाभवानीला साकडं घालते, ते कुठल्या नोंदवहीत येणार? देवाच्या बाबतीत कुणाला वगळून ठेवता येत नाही, म्हणून ही पद्धत तिथे थकते. त्यापेक्षा प्रयागच्या माघ मेळ्यातलं काम मला जास्त प्रामाणिक वाटतं. तिथे महिनाभर थंडीत, गर्दीत, गैरसोयीत राहणाऱ्या ४१६ कल्पवासींना आणि मेळ्याला न गेलेल्या १२७ जणांना आधी आणि नंतर प्रश्न विचारले. मेळ्यातल्यांनी स्वतःची तब्येत आणि उमेद सुधारल्याचं सांगितलं. २०१२ मध्ये ते प्रसिद्ध झालं. कुणाला कल्पवासाला पाठवायचं आणि कुणाला घरी बसवायचं हे चिठ्ठ्यांनी ठरवलं नव्हतं, त्यामुळे कारण आणि परिणाम छातीठोकपणे सांगता येत नाहीत. पण पैठणहून नाथांच्या पालखीबरोबर पंढरीला चालत जाणाऱ्या माणसाला विचारा, तो तेच सांगेल.

तपासणीशी याचा संबंध आहे, आणि तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. केनेथ पार्गामेंट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने संकटात माणूस धर्माचा आधार कसा घेतो याचे दोन प्रकार सांगितले. ‘देव माझ्यासोबत आहे’ हा एक. ‘देव मला शिक्षा करतोय, त्याने मला टाकलं’ हा दुसरा. २००१ मधल्या त्यांच्या अभ्यासात पंचावन्न वर्षांवरच्या ५९६ आजारी रुग्णांचा दोन वर्षं माग ठेवला. दुसऱ्या प्रकारच्या विचारांनी ग्रासलेल्यांत मृत्यूचा धोका १९ ते २८ टक्क्यांनी जास्त दिसला. शिक्षा समजून बसलेली बाई दवाखान्याची पायरी चढत नाही. भक्तीने तिला अडवलेलं नसतं, भीतीने अडवलेलं असतं.

आशा_कळंबकडची

सर, हे अगदी खरंय. मी आशा आहे. सीबॅकचा, म्हणजे घरोघरी जाऊन आजाराचा धोका विचारायचा फॉर्म भरताना आम्ही विचारतो, दोन पाळ्यांच्या मधे रक्त जातं का, पाळी गेल्यावर परत दिसलं का, वास येतो का. पुरुष घरात असला की बाई ‘काही नाही’ म्हणते. एकटी सापडली की सांगते. आणि सांगून झाल्यावर हमखास म्हणते, ‘देवीचं काहीतरी राहिलंय बघ ताई.’ कुळाचार राहिला, नवस फेडायचा राहिला. मी कधीच म्हणत नाही की असं काही नसतं. मी म्हणते, ‘काकू, तुळजापूरला जायचंय ना, मग चालत जायला अंगात बळ पाहिजे. आधी तपासून घेऊ.’ बऱ्याच जणी येतात.

अडतं ते पुढं. व्हीआयएसाठी टेबलावर झोपायचं, लाज वाटते. बाई डॉक्टर त्या दिवशी नसली की परत पाठवायचं, मग ती दुसऱ्यांदा येत नाही, रोज बुडतो. एचपीव्हीला बाईला स्वतःच नमुना घेता येतो असं प्रशिक्षणात ऐकलं. ते आमच्या केंद्रावर आलं तर माझं अर्धं काम होईल.

आणि एक. ती एवढी मोठी चाचणी आमच्या जिल्ह्यात झाली हे मला आज या धाग्यावर कळलं. मी ज्यांना समजावते त्यांना ‘अमेरिकेत सिद्ध झालंय’ सांगण्यापेक्षा ‘आपल्याच बायकांवरून सिद्ध झालंय’ सांगितलं तर किती फरक पडेल!

गोदातीर

आशाताई, नमुना स्वतः घेण्याला जागतिक आरोग्य संघटनेचीही मान्यता आहे. तुमचं म्हणणं तंतोतंत.

सातपुडा_पायथा

मराठवाड्याचा नाही, पण एक जोड देतो, कारण वनस्पतींचं फक्त तुरीपाशी थांबलं. हा कॅन्सर बळावल्यावर केमोत जी औषधं देतात त्यांतलं एक पॅक्लिटॅक्सेल. ते पॅसिफिक यू या झाडाच्या सालीतून निघालं. त्याची रचना १९७१ मध्ये मांडणाऱ्यांत मनसुख वाणी होते, जन्म नंदुरबारचा. याच कॅन्सरवर वापरतात ते टोपोटेकान ज्या कॅम्प्टोथेसिनपासून आलं, तेही वाणी आणि मनरो वॉल यांनीच चिनी झाडातून वेगळं केलं. आपल्या सह्याद्रीतल्या नरक्यातही ते असतं, आणि म्हणून नरक्याची बेसुमार तोड झाली. ज्याच्याकडून घेतलं त्याला काय परत दिलं, हा प्रश्न झाडांनाही लागू आहे.

बालाघाट_लेक

सगळ्यांचं दोनदा वाचलं. माझं मत आता बरंच पक्कं झालंय, ते लिहिते.

डॉक्टरांचा मुद्दा संख्याशास्त्राची शिक्षिका म्हणून मला मान्य करावाच लागतो. चौथ्या गटाशिवाय स्मिअरबद्दलचं सत्य दिसलं नसतं. मांजराकाठ ताईंचं म्हणणंही तितकंच खरं. आपल्याकडे आधी काही नव्हतं हे वास्तव संशोधनासाठी सोयीचं ठरलं. या दोन गोष्टी एकमेकींना खोडत नाहीत, आणि मला त्यांतली एक निवडायची नाही.

पण बदनापूरच्या दादांनी सांगितलेल्या ओळीपाशी मी थांबते. ती ओळ मेल्यावर दुसऱ्या हंगामात नवं बियाणं शेतकऱ्याच्या हातात पडतं. तिथे कडी पूर्ण होते. २००१ च्या पीक वाण संरक्षण कायद्यात शेतकऱ्याच्या वाणातून नवा वाण निघाला तर लाभात वाटा द्यायची तरतूद आहे. माणसांवरच्या संशोधनातही आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात की संशोधनाचा फायदा त्या लोकांपर्यंत गेला पाहिजे. म्हणजे तत्त्व कागदावर आहे. त्या ६४ जणींचं देणं माझ्या लेखी हेच: त्यांच्या लेकी-सुनांची तिशीनंतर एचपीव्ही तपासणी व्हावी, त्यांच्याच जिल्ह्यात आधी, आणि कशाच्या आधारावर हे त्यांना मराठीत सांगितलं जावं. त्यांना काहीच न सांगता ३४ आणि ६४ फळ्यावर लिहीत राहणं मला यापुढे जमणार नाही.

तेव्हा मी एक पानभर मजकूर तयार करतेय, ग्रामसभेत वाचता येईल असा. आकडे कमी, अर्थ जास्त. इथेच टाकते, सगळ्यांनी तपासा.

तुरीवाला_बदनापूर

टाका मॅडम. आमच्याकडं शेतकरी मेळावा असतोय तिथं बायाबी यायलेत आता. तुरीच्या माहितीसोबत ते पान वाचून दाखवायचं मी बघतो. त्या ओळीचं सांगितलं की शेतकऱ्याच्या लगेच ध्यानात येतंय.

मांजराकाठ

तोडणीला जायच्या आधी, दसऱ्याच्या सुमाराला, टोळ्या गावात असतात. तेव्हा वाचलं तर उपयोग. नंतर गावं रिकामी. आणि पानावर ठळक लिहा की पांढरं जातंय एवढ्यावरून कॅन्सर ठरत नाही आणि पिशवी काढायची गरज नसते. दुसरं मत घ्या म्हणावं.

आशा_कळंबकडची

मॅडम, त्याच्या उलटं पण लिहा. पाळी जाऊन वर्ष झालं आणि परत रक्त दिसलं, किंवा संबंधानंतर रक्त गेलं, तर शिबिराची वाट बघायची नाही, सरळ दवाखाना गाठायचा. आमच्याकडं बायका याला ‘परत पाळी आली’ समजून खूश होतात आणि तिथंच उशीर होतो. हे वाक्य सगळ्यात वर घ्या. अक्षर मोठं ठेवा, चाळिशीपुढच्यांना चष्म्याशिवाय वाचता आलं पाहिजे.